डावं मनगट, सहा इंची पट्टी आणि काकूंचा पत्रा

पावसाळ्यात बेळगावात गोल्फ खेळायचं म्हणजे खुळेपणा. बॉल पडला की पडला तिथंच रुतून बसतोय आणि बूट चिखलातनं उपसताना मोजा आतच राहतोय. म्हणून यंदा जून ते ऑगस्ट मी दुसरा खुळेपणा केला. गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली क्रिकेटची जुनी जाळी बांधली, खाली काथ्याचं पायपुसणं टाकलं आणि स्वतःच्याच डाव्या मनगटाच्या मागं हात धुऊन लागलो.

आधी थोडं माझ्याबद्दल, नाहीतर तुम्हाला वाटेल कोणतरी मोठा साहेब लिहितोय. उद्यमबागेत आमचं छोटं मशीन शॉप आहे, हायड्रॉलिकचे पार्ट करतो, दोन लेथ, एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन), पाच माणसं, आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पार्टीचे फोन. गोल्फचा नि माझा संबंध एवढाच की शाळेत असताना कॅम्पातनं सायकलवर जाताना कुंपणापलीकडं लोक काठी घेऊन चालताना दिसायचे. मग 2021 च्या ऑगस्टमध्ये एका शनिवारी सकाळी चहा घेत टीव्ही लावला तर टोकियो ऑलिंपिकमध्ये आपल्या बेंगळूरची अदिती अशोक पदकासाठी झुंजालती. एका शॉटनं ब्राँझ हुकलं, चौथी आली. मला खेळातलं काही म्हणजे काहीच कळत नव्हतं, तरी चहा गार झाला. पुढं आमचे एक कस्टमर, आर्मीतनं रिटायर झालेले कर्नलसाहेब, मला एकदा सोबत घेऊन गेले, हातात सात नंबरचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी, दिली, आणि तिथनं हे लागलं ते लागलंच.

आता दुखणं सांगतो. माझा बॉल सरळ निघतो, ऐटीत निघतो, आणि अर्ध्या वाटेत त्याला आठवतंय की उजवीकडं काहीतरी काम आहे. ह्याला स्लाइस म्हणतात. आमच्या मैदानात उजवीकडं झाडी, आणि 2022 च्या ऑगस्टमध्ये ह्याच मैदानात बिबट्या दिसला होता, आजूबाजूच्या 22 शाळा बंद ठेवल्या होत्या, शोधायला शिवमोग्ग्याच्या सक्रेबैलहून हत्ती आणले होते, आठवत असेल. तेव्हापासून उजवीकडच्या झाडीत गेलेला बॉल मी देवाला सोडला असं समजतो. कर्नलसाहेब म्हणतात बिबट्या कधीच गेला. जाईना का, माझे बॉल तिथंच आहेत.

चार वर्षं ऐकालोय, "मनगट बघ, मनगट." कोण सांगतंय घट्ट धर, कोण सांगतंय ढिलं सोड. म्हणून ठरवलं की ह्या पावसाळ्यात ऐकीव काही करायचं नाही, मोजायचं. आमचा धंदाच मोजायचा आहे की.

मनगट वाकतंय तरी किती बाजूंनी ते आधी बघा. हात पुढं करा, अंगठा वर. अंगठ्याकडं उचललं तर ती एक चाल, क्लब वर उचलताना तीच होते. करंगळीकडं सोडलं ती दुसरी. तिसरी हाताच्या पाठीमागं, तिथं खड्डा पडतोय, वाटी बसेल एवढा, त्याला कप म्हणतात. आणि चौथी तळहाताकडं, तेव्हा मनगटाची पाठ कमानीसारखी फुगते, त्याला बो म्हणतात. मधी सपाट म्हणजे फ्लॅट. उजव्या हाताच्या खेळाडूचा सगळा खेळ डाव्या मनगटाच्या ह्या कप आणि बोवर चालतो, कारण क्लबचा चेहरा, म्हणजे बॉलला लागणारी सपाट बाजू, त्या पाठीला बांधल्यासारखाच असतो. कप झालं की चेहरा उघडतो, बॉल उजवीकडं. बो झालं की चेहरा मिटतो, बॉल डावीकडं आणि खालनं. बॉल निघतो तो मुख्यतः चेहरा बघेल त्या दिशेनं, मग क्लब ज्या वाटेनं फिरतो ती वाट आणि चेहरा ह्यांच्यात जेवढा फरक तेवढा तो हवेत वळतो.

आणि फरक किती लागतोय? एका डिग्रीचा हिशेब काढला. 130 मीटरवर एक डिग्री म्हणजे सव्वादोन मीटर. पाच डिग्री म्हणजे साडेअकरा मीटर, नुसतं निघायच्या दिशेतच, वळण वेगळं. मी दिवसभर दोन-तीन मायक्रॉनसाठी, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागासाठी, पोरांवर ओरडतो आणि संध्याकाळी मनगट वीस-वीस डिग्री कसंही फिरवतो, ह्याची जरा लाजच वाटली.

मग एका रविवारी दुकानातनं कोन मोजायचा बेव्हल प्रोट्रॅक्टर घरी आणला. लेकीला मोबाइल दिला, स्लो मोशनमधी शूटिंग कर म्हणून. बायकोला प्रोट्रॅक्टर दिला. मी क्लब वर नेऊन टोकाला थांबायचं, तिनं मनगटाच्या पाठीला पाती लावायची आणि आकडा वाचायचा. "अहो हलू नका, भाकरी करपालती खाली," असं चालू होतं. तरी आकडे आले. उभं राहताना कप 20. वर टोकाला कप 30. आणि बॉलला लागायच्या क्षणाला, हे व्हिडिओ थांबवून स्क्रीनवरच पाती ठेवून मोजलं, कप 15 ते 20. चांगल्या खेळाडूंचं त्या क्षणाला सपाट असतं, नाहीतर थोडं बो. म्हणजे माझा चेहरा वर उघडला आणि खाली येताना मिटायचं विसरला.

झालं, मला वाटलं रोग सापडला. कप वाईट, बो चांगलं. मोठ्या गोल्फरांतला डस्टिन जॉन्सन बघा, वर टोकाला मनगट एवढं बो की बघणाऱ्याचंच दुखावं, आणि तरी 2016 चं यूएस ओपन जिंकला, 2020 चं मास्टर्स तर ठरलेल्या फटक्यांपेक्षा 20 कमी मारून. कॉलिन मोरिकावा बो. जॉन राम बो. मग आपण पण बो. सोपं आहे की.

रोज संध्याकाळी दुकानातनं आलो की गच्चीवर. वर टोकाला गेलं की मनगट जोर लावून तळहाताकडं दाबायचं. ते बरोबर होतंय का बघायला एक युक्ती केली, सहा इंची स्टीलची पट्टी ग्लोव्हमधी पाठीकडनं खोचली, अर्धी हातावर, अर्धी मनगटाच्या मागं. कप झालं की पट्टीचं टोक हातात रुततंय, सपाट असलं की नुसतं टेकतंय, बो झालं की पट्टीच्या टोकाखाली फट पडते. ही युक्ती मात्र एक नंबर, पैसे लागत नाहीत आणि खोटं बोलत नाही. आईनं ते बघितलं आणि खाली जाऊन शेजारी सांगून आली की पोराचा हात मोडलाय, पट्टी बांधलीय.

तिसऱ्या दिवशी फट चांगली दोन बोटं पडली. चौथ्या दिवशी बॉल जाळीच्या खालनं गेला. उंच नाहीच उठला, पायपुसण्यावरनं सुळकन डावीकडं, जाळीच्या नि कठड्याच्या मधल्या सांदीतनं, आणि शेजारच्या काकूंच्या पत्र्यावर. आवाज असा आला की गल्लीतली कुत्री उठली. काकू काठी घेऊन अंगणात. "वानर आलंय वाटलं रे, म्हणून मी काठी घेऊन आलो!" (आमच्याकडं बायकाही आलो-गेलोच म्हणतात, बाहेरच्यांना गंमत वाटते.) मी वरनं म्हटलं, काकू, मी आहे. तर काकू म्हणाल्या, "मग बरं झालं मारलो नाही." तरी बॉल काय परत दिला नाही. त्यानंतर गच्चीवर प्लॅस्टिकचे भोकाचे बॉल, आणि खरे बॉल फक्त खालच्या बोळात पोतं लावून.

असं तीन आठवडे रोज शंभर-दीडशे बॉल. चौथ्या आठवड्यात एका सकाळी ब्रश धरवेना. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला, चमक. आईनं आंबेहळद-रक्तबोळाचा लेप घातला, सगळं घर दवाखान्यासारखं वास मारालतं, थोडा आराम पडला पण दुकानात मापाचा व्हर्निअर धरला की परत कळ. शेवटी डॉक्टरकडं गेलो. त्यांनी अंगठा मुठीत घ्यायला लावला आणि मूठ करंगळीकडं वाकवली, मी खुर्चीतनं उठलोच. म्हणाले, अंगठ्याच्या कंडरांच्या, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांच्या, आवरणाला सूज आलीय, हे जास्त करून तान्ह्या बाळाच्या आयांना होतं, सारखं बाळ उचलून. मग माझ्याकडं बघून, "तुमच्याकडं लहान बाळ आहे काय?" मी म्हटलं नाही, गोल्फ. त्यांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. दोन आठवडे पट्टा बांधून सक्तीची विश्रांती. बायको एवढंच म्हणाली की आम्ही वीस वर्षं रोज भाकऱ्या थापालोय, आम्हाला कोण पट्टा देत नाही. ह्यावर काय बोलणार.

पण ते दोन आठवडे फुकट नाही गेले. हात बांधलेला, म्हणून डोकं चाललं. बसून बघितलं की हे बो-कप प्रकरण आहे तरी काय, आणि सगळ्यात आधी सापडला जुना नामी गोल्फर बेन होगन. ह्या माणसाला उलटा आजार होता, हुक, म्हणजे बॉल डावीकडं पळायचा. 1955 साली लाइफ मासिकात त्यानं आपलं गुपित सांगितलं ते काय? की वर टोकाला डावं मनगट थोडं कप करायचं. म्हणजे जगातला सगळ्यात नेटका बॉल मारणारा माणूस कप करालता! पण त्याचं औषध त्याच्या आजाराचं. माझ्यासारख्या स्लाइसवाल्यानं ते घेतलं तर बीपीच्या पेशंटनं शुगरची गोळी घेतल्यासारखं. आणि जॉन राम, त्याचा उजवा पाय जन्मतःच वाकडा होता, घोट्यात हालचाल कमी, म्हणून त्याची स्विंग, म्हणजे क्लब फिरवायची पद्धत, आखूड आणि तशी. त्यानं 2021 मध्ये स्वतःच सांगितलं की माझी नक्कल करू नका. मी ते वाचलं तेव्हा हात पट्ट्यात होता. जरा आधी वाचायला पाहिजे होतं.

मग प्रश्न हा की कपवाला पण सरळ मारतोय आणि बोवाला पण, तर मनगट एकटं काही ठरवत नाही. दुसरं काय आहे?

उत्तर दुकानात मिळालं. आमचा एक ऑपरेटर बुशिंग लावालता, आतलं भोक सरळ न येता टेपर, म्हणजे एका टोकाला रुंद, येत होतं, त्यानं टूल बदललं, ऑफसेट बदलला, फीड कमी केला, परत तेच. मी जाऊन बघितलं तर जॉबच चकमधी, म्हणजे त्याला धरणाऱ्या पकडीत, नीट बसला नव्हता, पकडीच्या एका जबड्यात धातूची चिप अडकली होती. पकडच तिरकी, मग टूलला शिव्या घालून काय उपयोग. हे त्याला सांगता सांगता माझी जीभ मधीच थांबली.

त्या रात्री क्लब घेतला, मारायचं नाही म्हणून नुसता धरला, आणि डाव्या हाताकडं वरनं बघितलं. बोटांच्या मुळाशी उठलेली किती हाडं दिसतात ते मोजायचं असतं. मला एक दिसालतं, दुसरं जेमतेम. ह्याला वीक ग्रिप म्हणतात. वीक म्हणजे ढिली नव्हे हां, हात दांड्यावर जास्त डावीकडं फिरलेला. अशी पकड असली की चेहरा सरळ आणायला मनगट बो करावंच लागतंय, जोर लावून, आणि आम्हाला ते जमत नाही, अंगठ्याला सूज येते. मग क्लब खाली ठेवला, हात नुसता लोंबत सोडला, आणि बघितलं तर लोंबताना माझ्या डाव्या हाताची तीन हाडं समोर दिसतात. म्हणजे हाताची जन्मजात ठेवण तीनची, आणि मी चार वर्षं एकची पकड धरून खालपासनं वरपर्यंत मनगटाला शिव्या घालालोय.

पट्टा सुटल्यावर हात तसाच, तीन हाडं दिसतील असा उजवीकडं फिरवून धरला. पहिल्यांदा एवढं परकं वाटलं की विचारू नका, दुसऱ्याचा चष्मा घातल्यासारखं. पण वर टोकाला जाऊन थांबलो आणि लेकीला म्हटलं चेहरा बघ. बघायची खूण सोपी आहे, क्लबची खालची कडा हाताच्या कोपरापासनं मनगटापर्यंतच्या रेघेला समांतर असली तर चेहरा नीट. क्लबच्या डोक्याचं टोक सरळ जमिनीकडं लोंबकळत असलं तर उघडा, चेहरा आभाळ बघत असला तर मिटलेला. लेक म्हणाली, "पप्पा, समांतर आहे." आणि प्रोट्रॅक्टरवर मनगट कप 12! जोर नाही, दाबणं नाही, थोडं कप आहे आणि तरी चेहरा बरोबर. मला त्या गच्चीवर जो आनंद झाला तो बघायला काकू बाहेर आल्या असत्या तर परत काठीच आणली असती.

आता राहिला खालचा क्षण. तिथं माझं दुसरं पाप होतं. बॉल वर उचलायचा म्हणून मी शेवटच्या फुटात मनगट झटकत होतो, पळीनं आमटी वाढल्यासारखं. लहानपणी खानापूरला मामाच्या गावात विटीदांडू खेळून खेळून ही सवय हाडात गेलीय, विटी उडवायची म्हणजे मनगटाचा झटका पाहिजेच. पण गोल्फच्या सात नंबरला तीसेक डिग्री लॉफ्ट, म्हणजे चेहऱ्याचा तिरपेपणा, आधीच दिलेला असतो, उचलायचं काम लोखंड करतंय. आपण झटका दिला की डाव्या मनगटात कप पडतोय, क्लबचं तोंड पुढं आणि हात मागं, मग कधी बॉलच्या डोक्यावर, कधी आधी मातीत.

ह्याला पोतं. खताचं रिकामं पोतं घेतलं, दुकानातलं कॉटन वेस्ट आणि जुने कपडे ठासून भरले, भिंतीला टेकवलं आणि हळू, अर्ध्याच ताकदीनं, क्लब त्यावर नेऊन थांबवायचा. थांबला की खाली बघायचं. हात क्लबच्या पुढं आहेत काय? पट्टी टेकलीय काय? उजवं मनगट मागं मोडलेलं आहे काय, लग्नात वाढपी परात हातावर धरून जातो तसं? असलं तर डावं आपोआप सपाट येतंय, हे एक मस्त आहे, दोन्हींचा विचार करावा लागत नाही, परात धरली की झालं. पहिल्या दिवशी पन्नासात चार बरोबर. दहाव्या दिवशी पन्नासात तीस. पोत्याचा फायदा असा की बॉल कुठं गेला हा प्रश्नच नाही, त्यामुळं मन बॉलमागं पळत नाही. तोटा असा की उंदीर.

गणपती झाले, पाऊस ओसरला, आणि एकदाचा मैदानावर गेलो. दुकानातली इन्स्पेक्शन शीट नेली होती, रकाने आयतेच होते, ओके, रिवर्क, रिजेक्ट. मे महिन्यात अशाच शीटवर सात नंबरनं 40 बॉल लिहिले होते, त्यातले 27 रिजेक्ट, सगळे उजवीकडं. आता परत 40 मारायचे ठरवलं.

पहिले दहा एवढे वाईट गेले की कर्नलसाहेब लांब जाऊन उभे राहिले. माझं डोकं सगळं पट्टीत, हाडांत, परातीत. सोबत एक कॅडी, म्हणजे क्लबची पिशवी उचलणारा पोरगा, होता, वयानं लहान पण ह्या गवतावरच वाढलेला, मराठी-कन्नड मिसळून बोलणारा. बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "सर, तुम्ही बॉल बघतच नाही, हात बघालाय. निधान री, निधान." हळू. ग्लोव्हमधली पट्टी काढून खिशात घातली. हळू मारला. आवाज वेगळा आला, तो आवाज ज्यानं ऐकलाय त्याला सांगायची गरज नाही आणि ज्यानं नाही त्याला सांगून कळत नाही, पण मशीनवर चांगली फिनिशिंग लागली की टूल जसं न किरकिरता चालतंय, तसं काहीतरी. बॉल जरा डावीकडनं उंच गेला आणि थोडा उजवीकडं येऊन मधी पडला.

चाळीस झाले. ओके 17, रिवर्क 11, रिजेक्ट 12. त्या 12 मधले पाच डावीकडं, म्हणजे चेहरा आता कधीकधी जास्त मिटतोय, पकड तीन हाडांवरनं अडीचवर आणून बघायला पाहिजे. अंगठा दुखला नाही.

शीट गाडीत राहिली आणि सोमवारी कागदांत मिसळून दुकानात गेली. दुपारी ऑपरेटर हातात घेऊन केबिनमधी आला, चेहरा उतरलेला. "साहेब, चाळीसात बारा रिजेक्ट? हा कुठल्या पार्टीचा जॉब? आपण केलेलं नाही हे."

मी म्हटलं, ठेव तिथं, घरचं काम आहे.